नवे सुटे भाग, जुनी गाडी : कोल्हापुरातला एक पाठ



गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात 'यंत्रे आणि कारखाने' हा विषय चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, जुन्या मॉडेलच्या गाडीचे सगळे पार्ट नवे कोरे मिळाले, तर ती गाडी आपण घरी जोडू शकतो का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. या मुलाचे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. इंजिनाचा भाग ओतताना त्याने डोळ्यांनी पाहिलाय. त्याचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. "पुढच्या तासाला सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. आजचा पाठ म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

१. आधी प्रश्न नीट समजून घेऊ

जुन्या गाडीबाबत तीन वेगळी कामं असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिलं काम दुरुस्तीचं. जुनीच गाडी, तिचाच सांगाडा. गंजलेलं काढायचं, झिजलेलं बदलायचं.

दुसरं काम बदलाचं. जुन्या गाडीत नवं इंजिन, नवे ब्रेक, वेगळी चाकं बसवायची.

तिसरं काम आपल्या मुलाच्या प्रश्नातलं. रूप जुनं, पण बॉडीपासून बोल्टपर्यंत सगळं नवं.

हे तिसरं काम जगात खरोखर चालतं. इंग्लंडमध्ये एमजीबी ही स्पोर्ट्‌स गाडी १९६२ ते १९८० या काळात बनत होती. ती बंद झाल्यावर १९८८ साली तिच्या जुन्याच डाय वापरून नव्या बॉडी तयार होऊ लागल्या. अमेरिकेत २०११ साली फोर्डच्या परवान्याने मस्टँगच्या १९६४ ते १९६६ मधल्या उघड्या टपाच्या मॉडेलची नवी पोलादी बॉडी विक्रीला आली. किंमत होती सुमारे १५ हजार डॉलर. त्यात इंजिन नाही, चाकं नाहीत, सीट नाही. नुसती बॉडी! बाकीचे भाग जमवायचे आणि जोडायचे.

म्हणजे उत्तर 'हो' आहे का? थांबा, घाई नको.

२. सुटा भाग म्हणजे नक्की काय?

आज आपण दुकानात जाऊन "अमुक गाडीचा ब्रेक शू द्या" म्हणतो आणि तो बसतोच, असं धरून चालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. त्या वेळी फिटर प्रत्येक भाग कानस मारून त्याच गाडीपुरता बसवायचा. एका गाडीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नसायची.

१९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्‌स इथे एक परीक्षा झाली. कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्ण खोलल्या. सगळे भाग एकत्र मिसळले. काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी गोदामातले नवे भाग ठेवले. मग साध्या हत्यारांनी, कानस न मारता, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. त्या तिन्ही गाड्या ५०० मैल धावल्या! कंपनीला या कामासाठी मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

या गोष्टीतून घ्यायचा मुद्दा असा : सुट्या भागाची खरी किंमत त्याच्या लोखंडात नसते, मापात असते. हजारावा भाग पहिल्यासारखाच निघाला, तरच त्याला 'कारखान्याचा भाग' म्हणायचं.

३. हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. या भागात फाउंड्री आणि मशीन शॉप शेजारीशेजारी आहेत. इथे ओतलेले आणि लेथवर घडलेले भाग देशभरातल्या गाड्यांत, ट्रॅक्टरांत आणि पंपांत बसतात. पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे नावाजलेले कारखानेही आपल्याच गावात आहेत.

आता एक छोटं गणित करू. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, साधारण १ टक्का. समजा, आपल्याला ४०० मिलीमीटर लांबीचा भाग हवाय. साचा ४०० चा केला तर भाग ३९६ चा निघेल. वाया गेला! म्हणून पॅटर्न बनवणारा मिस्त्री तो आधीच ४०४ च्या आसपास करतो. शिवाय नंतर लेथवर किंवा मिलिंगवर घासायला थोडा जादा माल ठेवतो. ॲल्युमिनियम असेल तर आकसणं आणखी जास्त, म्हणून हिशेब वेगळा.

पुढे मशीनवर काम येतं तेव्हा माप मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास असते. जास्त झाली तर इंजिन तेल पितं, कमी झाली तर पिस्टन जाम होतो. ज्या मुलांना वाटतं की गणिताचा कारखान्यात काय उपयोग, त्यांनी एक दिवस वडिलांबरोबर किंवा काकांबरोबर शॉपवर जाऊन मायक्रोमीटर हातात घ्यावा.

४. दसऱ्याची मेबॅक

कोल्हापूरचा दसरा तुम्ही पाहिला असेलच. दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते. ती पाहायला लहानथोर सगळे टाचा उंच करून उभे असतात. ही गाडी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली.

यात आपल्या विषयाचा धागा कुठे आहे? त्या काळी मेबॅक कंपनी इंजिन आणि चासी बनवायची. वरची बॉडी स्वतंत्र कारागीर गिऱ्हाइकाच्या मनासारखी घडवून द्यायचे. म्हणजे कारखान्याचा नवा कोरा सांगाडा आणि त्यावर खास मागणीची बॉडी! आज ज्याला हौशी लोक 'कस्टम गाडी' म्हणतात, ती तेव्हा उंची गाड्यांची नेहमीचीच पद्धत होती. फरक इतकाच की ती राजेरजवाड्यांना परवडायची.

मग साध्या माणसाचं काय? त्याचं उत्तरही आपल्याच जिल्ह्यात सापडतं.

५. इचलकरंजीची 'मीरा'

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शाळेचं शिक्षण सातवीपर्यंत. पण डोक्यात एकच ध्यास : सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी आपल्याकडेच बनली पाहिजे. १९४९ साली त्यांची पहिली छोटी गाडी रस्त्यावर आली. नाव 'मीरा'. इंजिन मागच्या बाजूला, आणि नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेंशन. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते गाडी सुधारत राहिले. सत्तरच्या दशकात त्यांनी तिची किंमत १२ हजार रुपयांच्या आसपास धरली होती.

ही गाडी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली नाही. परवाना, भांडवल आणि सरकारी पाठबळ यांची गाठ पडली नाही आणि सत्तरच्या दशकात प्रयत्न थांबला. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीचं स्वप्न दुसऱ्या वाटेनं घरोघर पोहोचलं.

याउलट चित्र पाहा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ च्या सुमारास मुंबईत कुर्ल्याला गाड्या तयार करायला सुरुवात केली, ती परदेशातून आलेले सुटे भाग जोडूनच. आधी जोडणी शिकले, मग एकेक भाग देशात बनवू लागले. म्हणजे आपल्या देशातला मोटार उद्योगसुद्धा 'नवे भाग आणा आणि जोडा' याच इयत्तेतून वर गेला.

मुलांनो, इथे क्षणभर थांबून विचार करा. शंकररावांनी गाडी बनवली, म्हणजे अवघड काम केलंच. पण एक गाडी बनवणं आणि तशाच हजार गाड्या बनवणं यात फार मोठं अंतर आहे. पहिल्या कामाला जिद्द आणि हात लागतात. दुसऱ्याला मापं, यंत्रं, पैसा, परवाने आणि शेकडो माणसं लागतात. शंकरराव हुशारीत कमी पडले नाहीत. त्यांच्यामागे उभं राहायला हवं होतं ते सगळं उभं राहिलं नाही. सत्तर वर्षांपूर्वी आजच्यासारखी पुरवठादारांची साखळी दाराशी असती तर? हा प्रश्न मला अजून सतावतो.

६. समजा, सगळे भाग अंगणात आले

मग कामाचा क्रम काय? गॅरेजमधले अनुभवी मिस्त्री साधारण असा सांगतील :

- आधी चासी किंवा बॉडी सपाट जागेवर ठेवून कोपऱ्याकोपऱ्यातून तिरकी मापं घ्यायची. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. (आयताचे कर्ण समान असतात, भूमिती आठवली का?)
- दरवाजे, बॉनेट, डिकी रंगाच्या आधी लावून बघायची. फटी सारख्या करायच्या आणि मग रंग. नवी बॉडी असली तरी दरवाजा पहिल्या फटक्यात बसत नाही.
- सस्पेंशन, स्टिअरिंग आणि ब्रेक इंजिनाच्या आधी. गाडी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे.
- इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत. इथे चूक झाली की क्लच आणि बेअरिंग लवकर जातात.
- वायरिंग शेवटी, पण नकाशा सुरुवातीला. प्रत्येक फांदीला फ्यूज हवाच.
- बोल्ट आधी हाताने धरायचे, सगळे धरले की मग पाना. ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त आवळलं तरी बोल्ट तुटतो.

ब्रेकवर एवढा जोर का? हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे १७ मीटर गेले. चांगले ब्रेक असतील तर पुढे आणखी साधारण २४ मीटर. एकूण ४१ मीटर. आता वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. जुन्या रूपाच्या गाडीत ताकदवान नवं इंजिन बसवून ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचेच ठेवले, तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

७. गाडी जोडली, पण रस्त्यावर आणता येईल का?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. इथेच बरेच हौशी लोक फसतात.

गावाकडे एक गंमत सांगतात. आजोबांची कुऱ्हाड, दांडा तीनदा बदलला, पातं दोनदा, तरी कुऱ्हाड आजोबांचीच! घरात हे चालतं, आरटीओत चालत नाही. कायद्याच्या लेखी गाडीची ओळख म्हणजे चासी नंबर आणि इंजिन नंबर. सगळंच नवं असेल तर ती नवी गाडी आहे, रूप कितीही जुनं असो.

आणि नव्या गाडीला आजचे नियम लागतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची धूर मर्यादा आहे. गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. पण ही व्यवस्था मुळात कारखानदारांसाठी आहे. अंगणात एकच गाडी जोडणाऱ्याला ती झेपणं कठीण.

बरं, जुन्या गाडीत बदल करतो म्हटलं तर? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नियमांत बसणाऱ्या काही बदलांना आरटीओची परवानगी मिळते, ती घेऊनच काम करायचं.

व्हिंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नसते. नव्या भागांची गाडी या रांगेत बसत नाही, हे उघडच आहे.

इंग्लंडमध्ये एकट्या माणसाने जोडलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे अशी सोपी वाट असावी की नसावी? वर्गात यावर वादविवाद घ्यायला हरकत नाही. पण नियम बदलेपर्यंत पाळायचा असतो, कारण रस्ता आपल्या एकट्याचा नाही.

८. थोडक्यात

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. जोडता येईल का? येईल. शिकायला मिळेल का? भरपूर. रस्त्यावर चालवता येईल का? आज तरी सहज नाही. पण खासगी जागेत जोडून शिकायला, प्रदर्शनात मांडायला, मोठं झाल्यावर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धेत उतरायला कुणी अडवलेलं नाही.

आणि एक लक्षात ठेव. बाबूराव पेंटर यांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्या जोरावर १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. नवा कॅमेरा विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. या गावाच्या हाताला ती सवय आहे. तुझे वडील रोज जो साचा भरतात, त्यातूनच कुणाच्या तरी गाडीचं काळीज बाहेर पडतं. सुरुवात तिथून कर. आधी एक भाग नीट माप घेऊन बनव. गाडी मागून येईल.

स्वाध्याय

१. दुरुस्ती, बदल आणि नवी जोडणी यांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. ६०० मिलीमीटर लांबीचा ओतीव लोखंडी भाग हवा आहे. आकसणं १ टक्का धरल्यास पॅटर्न साधारण किती लांबीचा करावा?

३. 'मीरा' गाडी मोठ्या संख्येने का बनू शकली नाही? तीन कारणं लिहा.

४. घराजवळच्या एखाद्या वर्कशॉपला मोठ्या माणसाबरोबर भेट द्या. तिथे बनणाऱ्या एका भागाचं नाव, उपयोग आणि माप वहीत नोंदवा. मिस्त्रींना "मामा" म्हणून नीट विचारा, हातातलं काम थांबवून सांगतात की नाही बघा!