चावीचं मशीन घेताना काय पाहाल?

ताईंनो, अल्लीपूरच्या आठवडी बाजारात चाव्या बनवून द्यायचं काम सुरू करायचं असेल, तर समूहाचं कर्ज उचलण्याआधी मशीन पारखून घ्या.

१. वीज : बाजारात प्लग मिळेलच असं नाही. घरची वीज आणि १२ व्होल्टची बॅटरी, दोन्हींवर चालणारं मशीन बघा. १२० वॅटची मोटर बॅटरीतून १० अँपिअर ओढते. त्यामुळे स्कूटीच्या बॅटरीवर भिस्त ठेवू नका, वेगळी मोठी बॅटरी घ्या.

२. वजन : एकटीला गाडीवर चढवता-उतरवता आलं पाहिजे.

३. अचूकपणा : मशीन बंद ठेवून दोन्ही पकडींत एकसारख्या चाव्या लावा. एका चावीला गाइड टेकतं, त्याच क्षणी दुसरीला कटर टेकला पाहिजे. मग घरून नेलेल्या कुलपाची चावी तिथंच कापून, लावून बघा.

४. डोळे : पितळेचा कीस उडतो. चष्मा लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

आणि एक, साबणावर घेतलेल्या ठशावरून चावी कधीच बनवून देऊ नका. मूळ चावी आणणाऱ्याचंही नाव, गाव, सही वहीत घ्या. उद्या कुणाकडे चोरी झाली, तर ही वहीच तुमच्या बाजूनं बोलेल.