घाटवाटा : पायाखालचा इतिहास



मागे वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, आधी रस्ता की आधी गाव?" मी पटकन 'गाव' म्हणालो. घरी गेल्यावर मात्र उत्तर खटकत राहिलं. जुन्नरचंच बघा ना. नाणेघाट नसता, तर तिथे एवढी मोठी पेठ उभी राहिली असती का?

सह्याद्रीच्या पायथ्याशी वैशाखरे आणि माथ्यावर घाटघर, यांच्यामध्ये ही वाट आहे. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरातला माल सातवाहन काळात इथूनच जुन्नरकडे चढायचा. माथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ आणि दानांच्या त्या यादीत आकडेसुद्धा कोरलेले आहेत, म्हणजे गणिताच्या तासालाही तो दाखवता येतो! तिथल्या राजघराण्याच्या मूर्ती आता उरल्या नाहीत, नावं तेवढी शिल्लक आहेत. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं परंपरेने सांगतात. मुलांना लेखापेक्षा रांजण जास्त आवडतो. आवडू द्या. तिथून 'जकात म्हणजे काय' इथे सहज जाता येतं.

वाट अमुक ठिकाणूनच का गेली, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. खांडसहून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा आहेत. शिडीघाट जवळचा पण उभा, आणि गणेशघाट लांबचा पण सोपा. मग विचारा: पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेला बैल कुठून नेशील? चढ, पाणवठा, सावली, सगळं मुलं आपसूक बोलू लागतात.

वाट माहीत असणं म्हणजे काय, ते उंबरखिंडीत कळतं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरला आणि दाट जंगलातल्या चिंचोळ्या वाटेत महाराजांनी त्याला गाठलं. फौज मोठी होती, पण वळायलाच जागा नव्हती. हा धडा नकाशा उघडून शिकवा, नाहीतर नुसती सनावळी उरते.

पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून रेल्वे वर चढली. त्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना वाट दाखवली आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी लोककथा आहे. ती कथा म्हणूनच सांगा. पण रस्ता आखणाऱ्या साहेबाचं नाव पुस्तकात आणि वाट तुडवणाऱ्याचं देवळात, असं का झालं असेल, हेही मुलांना विचारा.

गाड्या मोठ्या रस्त्यांना लागल्या आणि कितीतरी पाऊलवाटा कारवीत बुजल्या. त्या पायी चढलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठ एवढाच द्या: आजी-आजोबांना विचारायचं, "तुम्ही घाट कुठून चढायचात? डोक्यावर काय असायचं? पाणी कुठे प्यायचात?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. 'नाळ', 'खिंड', 'पाज' असे शब्द आले तर शुद्ध करत बसू नका.

सहल न्यायची तर थंडीत न्या, पावसात नाणेघाटाच्या पायऱ्या फार निसरड्या होतात. आणि जमलं तर एखाद्या आजोबांनाही गाडीने माथ्यापर्यंत न्या. वाट कुठे वळते, ते त्यांनाच दाखवू द्या.