क्रेडिट कार्डाची लेट फी परत कशी मिळवाल?

लेट फी 1,300 रुपये लागली की स्टेटमेंटवर चढतात 1,534. वरचे 234 रुपये म्हणजे 18 टक्के जीएसटी. व्याज वेगळे, आणि त्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी. त्यामुळे बँकेला नुसते 'लेट फी माफ करा' असे लिहिलेत, तर फार तर फी परत येते आणि बाकीचे तसेच राहते. लेट फी, व्याज आणि दोन्हींवरचा जीएसटी, सगळे आकड्यांसह एकदमच मागा.

आधी तुमची बाजू नियमात बसते का ते तपासा. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी कार्डांबाबत निर्देश काढले आणि मार्च 2024 मध्ये त्यांत दुरुस्ती केली. तुमच्या कामाचा पहिला नियम तीन दिवसांचा. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि सिबिलसारख्या पतमाहिती संस्थेकडे थकबाकी कळवताही येत नाही. 10 तारखेचे बिल 13 ला भरलेत आणि तरी फी लागली, तर ती परत मागणे हा तुमचा हक्क आहे. मात्र चौथ्या दिवशी पोहोचलात की उशीर मूळ तारखेपासूनच मोजला जातो. या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका.

दुसरे, लेट फी तारखेनंतर उरलेल्या रकमेवर बसते, पूर्ण बिलावर नाही. बिल 30,000 चे असेल आणि तुम्ही वेळेत 15,000 भरले असतील, तर फीचा टप्पा 15,000 चा लागायला हवा. तिसरे, न भरलेले दंड, शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावायला मनाई आहे. चौथे, मर्यादेबाहेर खर्च होऊ देण्याला तुमची स्पष्ट संमती नसेल, तर ओव्हरलिमिट फी लावता येत नाही. पाचवे, शुल्क वाढवायचे तर महिनाभर आधी कळवावे लागते. तसा ईमेल किंवा एसएमएस आला होता का, ते शोधा. न मागता कार्ड पाठवून, तुमच्या संमतीशिवाय ते चालू करून बिल लावले असेल, तर बँकेने ते शुल्क परत करून वर दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा असतो. मॉलमधल्या टेबलावर 'लाइफटाइम फ्री' ऐकून फक्त नंबर देऊन आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

'व्याज 42 टक्के आहे, ही लूट आहे' हा मुद्दा मात्र सोडून द्या. 30 टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. दर चढा आहेच, पण भांडायचे ते नियम मोडण्यावर.

कल्याण-डोंबिवलीतली नेहमीची अडचण वेगळीच असते. बचत खाते ठाणे जनता, डोंबिवली नागरी किंवा कल्याण जनता सहकारी बँकेत आणि कार्ड भलत्याच बँकेचे. मग ॲपवरून शेवटच्या दिवशी रात्री पैसे जातात आणि कार्डाच्या खात्यात जमा होतात दोन दिवसांनी. अशा वेळी ॲपमधला व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि पासबुकातली नोंद हाच तुमचा पुरावा. ऑटो-डेबिट परत गेले असेल तर दंड दोन्हीकडे लागू शकतो, एक बचत खात्याच्या बँकेत आणि दुसरा कार्डावर. दोन्ही स्टेटमेंट बघा.

कागद फारसे लागत नाहीत. वादातल्या महिन्याचे स्टेटमेंट, त्याच्या आधीचे आणि नंतरचे, पैसे भरल्याचा पुरावा, बँकेशी झालेले ईमेल. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी कुणालाही नको. शाखेत खेटे घालू नका. 'कार्डाचे काम इथे होत नाही' हेच ऐकू येते. बँकेच्या ॲपवर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, आणि तेच त्याच दिवशी ईमेलने पाठवा. गुगलवर सापडलेला कस्टमर केअर नंबर लावू नका, तिथे भामटे बसलेले असतात. फसलात तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

फोनवर हमखास सांगतात, 'सर, या वेळी वन-टाइम वेव्हर देतो.' ही सवलत म्हणून नोंदली जाते, चूक म्हणून नाही. पुढच्या वेळी खरी चूक बँकेची असली तरी 'तुम्हाला एकदा दिले आहे' हे उत्तर तयार असते. तुमची बाजू नियमात बसत असेल तर चूक दुरुस्त केल्याचे लेखी मागा. फीच्या बदल्यात रिवॉर्ड पॉइंट घेऊ नका. चूक तुमची असेल, तर मात्र हीच सवलत मुकाट्याने घ्या.

बँकेला 30 दिवस असतात. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. खर्च शून्य. तक्रार सीएमएस पोर्टलवर घरबसल्या करता येते, विचारपूस 14448 वर. मुदतीची मर्यादा आहे, म्हणून 30 दिवस संपले की त्याच आठवड्यात अर्ज टाका. इथे वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही. त्यामुळे 'लोकपालाकडून पैसे काढून देतो, वीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'सिबिल दुरुस्ती'च्या जाहिरातींचेही तेच. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

ग्राहक आयोग ही शेवटची पायरी. क्रम बदलू नका, कारण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तेच घेत नाही. कल्याण-डोंबिवली ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून तक्रार ठाणे जिल्हा आयोगाकडे. बँकेचे मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाद मागता येते. मुदत दोन वर्षे, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. पण हजार-दीड हजारासाठी तारखा घ्यायच्या का, याचा हिशेब आधी करा. कार्डावर वर्षभर असेच दंड चढले असतील तर जरूर जा. मसुदा जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या तक्रार मार्गदर्शन केंद्रात विचारा, किंवा 1915 ही ग्राहक हेल्पलाइन लावा.

वाद मिटेपर्यंत उरलेले बिल भरत राहा. दंडाचे 1,534 अडवायचे म्हणून अख्खे बिल थांबवलेत, तर पुढची फी रास्तच ठरते. वसुली करणारा 'सेटलमेंट' सुचवेल. ती घेतलीत तर सिबिलमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद होते आणि पुढे घराचे कर्ज मागताना तीच आडवी येते.

कार्डच नको असेल तर बाकी चुकती करून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करायचे असते. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला मिळतात. कात्रीने कार्ड कापून टाकल्याने खाते बंद होत नाही.