बैठकीवरचा चतुर

चतुर आणि टाचणी हे ओडोनाटा या एकाच गणातले कीटक. बसल्यावर चतुर पंख आडवे पसरून ठेवतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. त्यामुळे त्यांचा शोध भातखाचर, ओढा, खाणीत साचलेले पाणी, फार काय अंगणातली सिमेंटची टाकी, इथूनच सुरू करावा.

चतुराचे छायाचित्र हुकते ते बहुधा पाठलागामुळे. त्याचे संयुक्त डोळे जवळपास सगळे डोके व्यापतात आणि हालचाल टिपण्यात ते अतिशय तरबेज असतात. प्रस्तुत लेखकाचा पहिला पावसाळा चतुरांमागे धावण्यात गेला. हाती आले ते रिकाम्या गवताच्या शेंड्यांचे ढीगभर फोटो. खरे तर त्या शेंड्यांतच उत्तर होते. पुष्कळ जातींचे नर पाण्याकाठचा एक टापू राखतात. प्रतिस्पर्ध्याला हुसकावायला किंवा भक्ष्य पकडायला उडाले तरी पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. म्हणून चतुर उडाला की त्याच्या गैरहजेरीत दोन पावले पुढे सरकावे, रिकाम्या काडीवर फोकस लावावा आणि स्तब्ध राहावे. काडीवर आपली सावली पडू देऊ नये. माळावर थव्याने घिरट्या घालणाऱ्या पँटाला फ्लॅव्हेसेन्सपुढे मात्र ही युक्ती चालत नाही; तो दिवसा क्वचितच टेकतो.

वेळ सकाळची उत्तम. रात्रीच्या गारव्याने अंग आखडलेले असते आणि ऊन लागल्याशिवाय चतुर सहसा उडत नाही. भर दुपारी पंखांवर चकाकी येते. त्या वेळी काही जाती शेपटीसारखे उदर थेट सूर्याकडे उभे करून बसतात. ऊन अंगावर कमी पडावे म्हणूनची ही शीर्षासनाची मुद्रा टिपण्यासारखी असते.

१०० मिमीच्या आसपासचे मॅक्रो लेन्स पुरते, पण बुजऱ्या जातींसाठी ३०० मिमीचे टेलिलेन्स अधिक सोयीचे. इतक्या जवळून फोकसची खोली जेमतेम काही मिलिमीटर मिळते. एफ/८ ते एफ/११ ठेवून कॅमेरा शरीराला समांतर धरला, तर डोळ्यापासून उदराच्या टोकापर्यंत सगळे स्पष्ट येते. तडजोड करायचीच झाली तर टोक धूसर चालेल, डोळा नाही.

देखणा फोटो ओळख पटवायला पुरेसा असतोच असे नाही. ऑर्थेट्रम प्रजातीतले निळसर-राखाडी नर वरून एकमेकांसारखेच दिसतात. लेखकाच्या संग्रहातली अशी कितीतरी छायाचित्रे, केवळ वरून घेतल्यामुळे, वर्षानुवर्षे नावावाचून पडून आहेत. वक्षाच्या बाजूवरचे पट्टे, पंखाच्या टोकाजवळचा ठिपका आणि उदराच्या शेवटची उपांगे, यांचा निदान एकेक फोटो हवाच. सोबत तारीख, वेळ आणि पाणी वाहते की साचलेले, हेही टिपून ठेवावे.

कोषाची अवस्था चतुरात नसते. पाण्यातला डिंभ काठच्या देठावर चढतो, कात टाकतो आणि त्यातून पंखधारी कीटक बाहेर येतो. त्याचे ओले पंख सेलोफेनसारखे चकाकतात व अतिशय नाजूक असतात. फोटोच्या सोयीसाठी तो देठ वाकवणे किंवा कीटकाला उचलून दुसरीकडे बसवणे म्हणजे त्याला कायमचे जायबंदी करण्याचा धोका पत्करणे.

धोका माणसालाही असतो, कारण लेन्सला लागलेला डोळा पायाखाली पाहत नाही. सह्याद्रीतल्या एका ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून लेखकाचा पाय घसरला. गुडघा फुटला तो भरला, पण पट्टा गळ्यात न अडकवलेला कॅमेरा दुरुस्तीपलीकडे गेला. जागा बदलताना कॅमेरा खाली घ्यावा, गवतात काठी आपटावी, कारण फुरसे अशाच ठिकाणी असते. आणि घाटमाथ्यावर पाऊस सुरू असेल तर खाली ऊन असले तरी ओढ्यात उतरू नये; पाणी गढूळ होऊ लागताच आहे तसे बाहेर पडावे.