हाड सांधल्यानंतरचे काम

हाड सांधले की दुखणे संपले, अशी आपल्या घरोघरी समजूत असते. वस्तुतः निजून राहिलेला स्नायू थोड्याच आठवड्यांत क्षीण होतो व सांधा आखडतो. त्यांस पुन्हा कामास लावणे हे भौतिकोपचाराचे कार्य होय. पोलिओग्रस्त कन्येस चालती करण्यासाठी फातिमा इस्माईल यांनी या विद्येचा ध्यास घेतला आणि १९४७ साली मुंबईत अशा बालकांसाठी संस्था उभारली. परंतु प्रत्येक बालकास महिनोन्‌महिने हाताने व्यायाम द्यावा लागे. एवढे शिकलेले हात आणावयाचे कोठून? १९५०च्या दशकाच्या आरंभी के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले, तेव्हा कोठे हे हात वाढू लागले.

रुग्णास उचलणाऱ्याने प्रथम स्वतःची पाठ सांभाळावी, हा या शिक्षणातील पहिल्या धड्यांपैकी एक. पीपलरावांत सोयाबीनची पोती उचलणाऱ्या आपणांसही तो लागू आहे: गुडघे वाकवावे, ओझे अंगालगत घ्यावे, वळताना कंबर न पिळता पावले वळवावी. घरी अर्धांगवायू झालेल्या वडिलांना उठवितानाही असेच करावे. मात्र त्यांचा लुळा हात धरून कदापि ओढू नये. सैल पडलेला खांदा त्यानेच निखळतो.