मागच्या सीटवर कोण बसलंय?



मे महिना लागला की आमच्या टेंभुर्णीच्या चौकात पुण्यामुंबईच्या नंबरप्लेटी वाढतात. टपावर बांधलेल्या बॅगा, मागच्या काचेत उन्हासाठी अडकवलेला टॉवेल आणि त्या टॉवेलच्या फटीतून बाहेर बघणारं एखादं मूल. पुणे–सोलापूर महामार्गावर आमचं गाव मोक्याच्या जागी आहे. इथून पंढरपूरचा फाटा फुटतो, कुर्डुवाडी-बार्शीकडे जाता येतं, अकलूजला जाता येतं आणि सरळ गेलं की सोलापूर. देवदर्शनाला निघालेलं कुटुंब कधी ना कधी आमच्या गावावरून जातंच.

पुण्याहून पहाटे निघालेली माणसं साधारण १६० किलोमीटर कापून इथे पोहोचतात. तोवर चहाची तरतरी उतरलेली असते, ऊन चढलेलं असतं आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तिन्ही बाकी असतात. ही तिन्ही करून पुण्यात परतायचं म्हटलं तर सातशे किलोमीटरच्या आसपास होतात, दर्शनाच्या रांगा वेगळ्याच. तरी अनेक घरं हा बेत एका दिवसात बसवतात. कागदावर तो बसतोही, कारण कागदावर कुणाला शू लागत नाही.

मग व्हायचं ते होतं. फास्टॅगमध्ये पैसे नाहीत हे टोलनाक्यावर उभं राहिल्यावर कळतं. लॉजवाला म्हणतो, ‘तुमचं बुकिंग उद्याचं दिसतंय.’ रांग बघूनच आजींचे गुडघे दुखायला लागतात. एसी नेमका बाराच्या उन्हात दगा देतो. यातलं काही टाळण्याचा मंत्र माझ्याकडे नाही. या गावात शिक्षिका म्हणून इतकी वर्षं मुलांमध्ये काढल्यावर मला तुम्हा पालकांशी बोलायचंय ते गाडी थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

आमच्या लहानपणी लग्नाला, जत्रेला जायचं ते वडापच्या जीपने. जीप वाटेत बंद पडली, की आतले सगळे मिळून ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायचे. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं तेही त्या घडीला एक व्हायचे. बायका बाभळीखाली चटई टाकायच्या, कुणी शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडायची आणि आम्हा मुलांची चंगळ व्हायची. खापर फोडायला एक परका माणूस हाताशी होता, म्हणून घर सुखी होतं.

स्वतःची गाडी आली आणि ही सोय गेली. आता ड्रायव्हर म्हणजे बाबा. रस्ता सांगणारी आई. निघताना उशीर केला तो आजीने आणि ‘थांबवा ना’ म्हणालं ते मूल. खापर फोडायला बाहेरचं डोकं उरलेलंच नाही. जे सापडेल ते घरचंच. टायर फुटला, की चाकाकडे बघायच्या आधी आपण विचारतो, ‘कुणामुळे?’ आणि मग साठलेलं सगळं निघतं. ‘तुमच्या आईचं आवरत नाही कधी.’ ‘तुला मॅप धड बघता येत नाही.’ ‘मी म्हणतच होते, सर्व्हिसिंग करून घ्या.’

घरात आईबाबांचं वाजलं तर मूल गच्चीवर जातं, शेजारच्या काकूंकडे जातं, निदान बाथरूमची कडी लावून बसतं. गाडीत त्याला उठून जाता येत नाही. काचा बंद, कमरेला पट्टा आणि हातभर अंतरावर दोघांचे चढलेले आवाज. त्यात लहान मुलं अनेकदा घडणाऱ्या गोष्टीचं कारण स्वतःला धरतात. भांडण गाडीच्या हप्त्यांवरून चाललेलं असलं, तरी मागच्या सीटवर अर्थ लावला जातो तो एवढाच: मी शू लागली म्हणाले म्हणून हे झालं.

मी हे अंदाजाने म्हणत नाही. गेल्या उन्हाळ्यात हायवेलगतच्या एका पंक्चरच्या दुकानात स्कूटीची हवा भरायला थांबले होते. तिथे एका कुटुंबाची गाडी लागलेली. स्टेपनी काढायला डिकीतलं सगळं सामान बाहेर काढून ठेवलेलं: बॅगा, पाण्याचा कॅन, चिवड्याचा डबा, आणि त्या सगळ्याच्या वर नारळ-ओटीची पिशवी. वडील फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. मधूनच वळून त्यांनी सुनावलं, ‘घरातून निघतानाच जाऊन घ्या म्हणून सांगितलं होतं. त्या कच्च्यात गाडी घालायची वेळच आली नसती.’ सातआठ वर्षांची मुलगी गळ्यातल्या वॉटरबॅगचा पट्टा पिळत उभी होती.

पंक्चरवाल्याने चाक खोललं, साबणाचं पाणी मारलं. एका जागी बारीक बुडबुडे आले. पकडीने खिळा ओढून त्याने तळहातावर घेतला, तेव्हा ती मुलगी हळूच पुढे सरकली आणि म्हणाली, ‘काका, आम्ही थांबलो नसतो तर हा घुसला नसता ना?’

त्याने खिळा तिच्यासमोर धरला. ‘हे बघ बाळ. डोस्कं कसं घासून चकचकीत झालंय. आत्ता घुसला असता तर असं दिसलं असतं व्हय? लै लांबनं आलाय ह्यो तुमच्यासंगं. उलट थांबलात म्हणून कळलं.’

पोरीने तो खिळा मागून घेतला आणि रुमालात बांधून ठेवला. वडिलांनी यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. ते अजून फोनवरच होते. सातआठ वर्षांच्या लेकराला स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा जवळ ठेवावासा वाटावा आणि तो द्यायला हायवेवरचा परका माणूस लागावा, हे मला फार लागलं.

आता उलटीचं घ्या. गाडी लागणं हा मुलाचा हट्ट नाही आणि दर वेळी त्याने खाल्लेल्या वडापावचा गुन्हाही नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला कळवत असतो की आपण हलतोय, वळतोय. त्याच वेळी डोळे मोबाईलवर खिळलेले असतील, तर ते कळवतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. गंमत म्हणजे मूल शांत बसावं म्हणून आपणच त्याच्या हातात मोबाईल देतो आणि मग ओरडतो, ‘तुला सांगितलं होतं ना!’ मोबाईल काढून घ्या, लांबवरच्या झाडांकडे, डोंगराकडे बघायला लावा, काच थोडी खाली करा. उपाशी नेऊ नका आणि तळकट चारून तर नेऊच नका. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. पिशवी, ओला नॅपकिन आणि जादा कपड्यांचा जोड हाताशी ठेवा. डिकीच्या तळाशी नको. आणि उलटी झालीच, तर पहिला शब्द सीटबद्दल नसावा.

चुकलेल्या वळणाचंही तेच. आमच्याकडे पंढरपूरचा फाटा चुकून पुढे गेलेली माणसं नेहमीची आहेत. पण पुढे मोडनिंबहूनही पंढरपूरला रस्ता जातो. पांडुरंगाकडे जायला एकच फाटा आहे असं कुणी सांगितलं? वाट चुकल्याने जातो तो थोडा वेळ. मॅप बघणारीला मुलांसमोर बावळट ठरवलं, तर मुलगा शिकतो की बायकांना रस्ता कळत नसतो आणि मुलगी शिकते की चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. दोन्ही धडे महाग आहेत.

मग करायचं काय? पहिली गोष्ट जिवाची. गाडी बिघडली, की शक्य तितकी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा. मुलांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे न्या. कडेला उभ्या गाडीत बसून राहणं सुरक्षित नाही, आणि आमच्या सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत लेकराला पाच मिनिटंही ठेवू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ हा नंबर आहे, इतर संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. पट्ट्याचंही लक्षात असू द्या. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या मापाच्या सीटविना बसवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, मांडीवरचं मूल अचानक ब्रेक लागल्यावर आईच्या हातात राहत नाही.

दुसरी गोष्ट, मुलाला काम द्या. मदतीला फोन केला की समोरचा विचारतो, ‘नेमके कुठे आहात?’ तेव्हा जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा कठड्यापलीकडूनच, मोठ्या माणसाचा हात धरून, मूल वाचून सांगू शकतं. चाकाचे नट डब्याच्या झाकणात सांभाळू शकतं. आजीला पाणी नेऊन देऊ शकतं. हातात काम आलं, की ‘माझ्यामुळे झालं’ याच्या जागी ‘माझी मदत झाली’ येतं.

तिसरी, खरं सांगा. ‘पाचच मिनिटं’ असं दर पंधरा मिनिटांनी म्हणू नका. ‘मेकॅनिक कुर्डुवाडीहून येतोय, तास-दीड तास लागेल, आज अक्कलकोट बहुतेक होणार नाही,’ असं सरळ सांगितलेलं मुलांना पेलतं. न पेलणारी गोष्ट म्हणजे मोठ्यांचे पडलेले चेहरे आणि त्यांचं न सांगितलेलं कारण.

चिडू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. चाळीसच्या वर पारा, मागे हॉर्न देणारे ट्रक आणि खिशाला खड्डा, अशा वेळी हसरा चेहरा ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मुलांना संत आईबाप नको असतात. फक्त राग कुणावर आहे ते स्पष्ट सांगा: ‘मी वैतागलोय. तुझ्यावर नाही, या चाकावर.’ चुकून मुलावर ओरडलात, तर घरी पोहोचायची वाट न बघता तिथेच त्याला जवळ घ्या. प्रत्येक फजितीची जबरदस्तीने गंमत करायचीही गरज नाही. काही दुपारी नुसत्या वाईट असतात, त्या तशाच जाऊ द्याव्यात.

वेळ हाताशी असेलच, तर मुलांना आजूबाजूचं दाखवा. पुण्याकडून येताना टेंभुर्णीच्या अलीकडे भीमा ओलांडावी लागते, तिथेच उजनी धरण आहे. साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातलं जेमतेम साडेत्रेपन्न टीएमसी पाणी वापरण्यासाठी मोजतात. उन्हाळ्यात आमच्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. वरचा उपयुक्त साठा संपून खालच्या मृतसाठ्याला हात लागलेला असतो. पाचवी-सहावीच्या मुलाला ऋण संख्या शिकवायला याहून चांगला फळा कुठे मिळणार?

आणखी एक गोष्ट घरी परतल्यावरची आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. फजितीची गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली जाते, साखरपुड्यात, बारशाला, दिवाळीत. ती कुणाच्या नावावर सांगता ते बघा. ‘हिच्या उलटीमुळे आमचं अक्कलकोट राहिलं’ हे चार पाहुण्यांसमोर हसत सांगताना तुम्हाला विनोद वाटतो; तिला दर वेळी नव्याने शिक्षा होते. सुट्टीनंतर मी वर्गात प्रवासावर निबंध लिहायला देते. एका मुलाने देवळाबद्दल एक ओळ लिहिली होती आणि पप्पांनी फोन कसा आपटला याबद्दल अर्धं पान. तो निबंध मी घरी दाखवायला लावला नाही, पण विसरलेही नाही. गोष्ट सांगायचीच, तर स्वतःवर विनोद करा. ‘मी स्टेपनीत हवाच भरली नव्हती’ असं बापाने चारचौघांत हसत सांगितलं, की पोराला कळतं, चुकलेला माणूस घरातून वजा होत नाही.

म्हणून यंदा बेत आखताना एक देऊळ कमी करा आणि एक मुक्काम वाढवा. विठोबा कंबरेवर हात ठेवून युगानुयुगं उभा आहे, तो पुढच्या सुट्टीपर्यंत थांबेल. निघण्याआधी टायर, स्टेपनी, जॅक, फास्टॅगची शिल्लक आणि लॉजची तारीख बघून घ्या. आणि आईबाबांनी आपसात एक ठरवून टाका: गाडी थांबली, की ‘कुणामुळे’ हा प्रश्न घरी पोहोचेपर्यंत काढायचा नाही, आधी ‘आता काय करायचं?’ एवढंच बोलायचं. घरी गेल्यावर, मुलं झोपल्यावर, हवं तेवढं भांडा. तोवर बहुतेक वेळा भांडायला काही उरलेलं नसतं.