खाऱ्या जाकुझीचे पाणी

आपल्यापैकी काहींच्या अंगणात किंवा गच्चीवर आता गरम पाण्याचा टब, म्हणजे इथे ज्याला सरसकट जाकुझी म्हणतात तो, आलेला आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांची कंबर धरते, म्हणून मुले हौसेने बसवून देतात आणि रविवारी सकाळी आपापल्या कामावर निघून जातात. मागे उरते ते पाणी व त्याची निगा. त्यातही मिठाचा टब असला की "याला काहीच करावे लागत नाही" असे विकणारा सांगून गेलेला असतो. ते खरे नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मिठाने जंतू मरतात असे पुष्कळांना वाटते. समुद्राच्या पाण्यात दर दशलक्ष भागांत सुमारे ३५,००० भाग क्षार असतात. टबात साधारण २,००० भाग मीठ पुरते. आपल्या आमटीत याच्या चौपट तरी असेल! या मिठाचे काम वेगळेच आहे. टबाच्या यंत्रात धातूच्या पट्ट्यांची एक पेटी असते. तिच्यातून वीज गेली की मिठातल्या क्लोराइडचा क्लोरिन होतो, तो पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनते, आणि जंतू मारते ते हे आम्ल. काम झाले की त्याचे पुन्हा क्लोराइड होते. म्हणजे मिठाचा टब हा क्लोरिनचाच टब आहे. फक्त क्लोरिन घरच्या घरी तयार होतो.

म्हणूनच मीठ सहसा संपत नाही. पेणकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पाणी वाफ होऊन कमी झाले तर नुसते पाणी घालावे. सांडून किंवा उपसून गेले असेल तरच मीठ घालावे, तेही तोलून. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे दशलक्षात १ भाग. १,२०० लिटरच्या टबाला २,००० भागांसाठी २ किलो ४०० ग्रॅम लागेल. मीठ शुद्ध व आयोडिनविरहित हवे, आणि प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिले असेल तेच धरावे.

आता खरी गोम पी.एच.मध्ये आहे. सोडावॉटरची बाटली हलवली की वायू निघून जातो, तसे टबातल्या बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पी.एच. वर चढत राहतो. त्याने काय बिघडते? पी.एच. ७.२ असताना क्लोरिनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जोमदार रूपात असतो. ८ झाला की जेमतेम पाव. चाचणीच्या पट्टीवर क्लोरिन मात्र तितकाच दिसतो! तेव्हा नुसता क्लोरिनचा रंग पाहून समाधान मानू नये. पी.एच. ७.२ ते ७.८ मध्ये आणि क्लोरिन निदान ३ भाग असावा.

पी.एच. उतरवायला सोडियम बायसल्फेटची पूड पंप चालू ठेवून थोडीथोडी घालावी व पुन्हा तपासावे. पाण्याची क्षारता फार असली तर पी.एच. अधिकच लवकर चढतो. पुस्तकांतून ८० ते १२० भाग लिहितात. बुडबुड्यांच्या टबाला माझ्या मते ८० च्या आसपास बरी. फार उतरली तर खायचा सोडा घालावा. १,००० लिटरला १७ ग्रॅम घातला की १० भाग वाढते. आम्लाची पूड आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र येऊ देऊ नये. विषारी वायू निघतो. दोन्ही एका फडताळातसुद्धा ठेवू नयेत.

पाण्याचा जडपणा गावोगावी वेगळा. किटलीत (हिब्रूत तिला कुमकुम म्हणतात हे ऐकून आमची आई किती हसली होती!) पांढरा थर धरतो, तोच अवनीत पेटीच्या पट्ट्यांवर बसतो आणि क्लोरिन कमी तयार होतो. २००५ साली अश्कलोनचा कारखाना सुरू झाल्यापासून समुद्राचे गोडे केलेले पाणी बऱ्याच नळांना येते, ते मऊ असते. तरी अंदाजाने चालू नये, तपासावे.

एका पेसाहच्या सुट्टीत आमच्याकडे नऊ जण आळीपाळीने टबात बसले. यंत्र दोन म्हाताऱ्यांच्या हिशेबाने लावलेले. दुसऱ्या दिवशी क्लोरिन शून्य, आणि नातवाच्या पाठीवर, मांड्यांवर लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले, स्यूडोमोनास जंतू. पुरळ आपोआप गेले, पण याच हलगर्जीपणात लेजिओनेला वाढला तर टबावरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो, आणि वयस्क माणसाला न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. पेटी क्लोरिन सावकाश बनवते. जास्त माणसे बसून गेली की त्याच रात्री हाताने क्लोरिन घालावा. बसण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने अंग धुवावे, आणि केसांना खोबरेल लावून टबात शिरू नये; तेलाने फेस होतो आणि क्लोरिन खर्ची पडतो.

आम्ही शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी पाणी तपासतो. हावदाला झाल्यावर मुले टबाकडे धावतात, तेव्हा आधी पुन्हा पट्टी बुडवायची, मग झाकण काढायचे.

तीन-चार महिन्यांनी पाणी बदलावे. उपसलेले पाणी गटारात सोडावे, बागेत नको. आमचा कढीपत्ता त्यानेच गेला.